दोन पदरांचं दुपटं

माझी नात सव्वा महिन्याची होती. एका संध्याकाळी जी रडायला लागली ती थांबेचना. दूध पाजून झालं, ढेकर काढून झाली, लंगोट बदलला, पोटाला हिंग लावून झालं. लेक अगदी रडकुंडीला आली. मी दुपट्यातून बाळाचा हात अलगद बाहेर काढायला गेले तर तो निघेना. करंगळीला पिवळ्या लोकरीचा धागा गुंडाळला गेला होता आणि बोटाचं टोक लालबुंद झालं होतं. कात्रीने धागा कापला, रडं थांबलं, आणि मी तिथेच मटकन खाली बसले. कारण ते दुपटं माझ्याच हातचं. बारशाला आलेल्या प्रत्येक बाईने ते उचलून वाखाणलं होतं.

पांढऱ्यावर पिवळ्या बदकांची रांग होती. विणायच्या मशीनवर अशी दोन रंगांची नक्षी काढताना एका ओळीत दोन्ही धागे चालतात. जिथे बदक आहे तिथे पिवळा धागा टाक्यात जातो, आणि जिथे नाही तिथे तो मागच्या बाजूने नुसता लोंबत पुढच्या बदकापर्यंत जातो. मधे ९ टाके असले तर मागे ३ सेंटिमीटरची मोकळी दोरी. मोठ्या माणसाच्या स्वेटरला हे चालून जातं. तान्ह्या बाळाच्या बोटांना असलं काही सापडलं की ती सोडत नाहीत. इतकी वर्षं मशीनवर बसणाऱ्या बाईला हे आधी सुचायला नको? सगळ्या बायका वरची बाजू बघत होत्या, मीही वरचीच बघत होते, आणि बाळ खालच्या बाजूला होतं.

दुसऱ्या दिवशी यांना माळ्यावर चढवलं आणि मशीनचा डबल बेड, म्हणजे सुयांची दुसरी रांग, खाली काढायला लावला.

लेक म्हणाली, "अगं आई, विकत मिळतात की छान छान. कशाला आता घाट घालतेस?" मिळतात हे खरं. पण बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची, लंगोट सगळं काही बाजारातून आणलं तरी अंगावरचं पांघरूण घरचं असावं, अशी माझी समजूत. माझ्या आजीने माझ्यासाठी वाकळ शिवली होती. जुन्या लुगड्यांचे चार-पाच थर, वर चांगल्यातलं कापड, आणि कडेपासून सुरू होऊन आत आत येत जाणारा धावदोरा. गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, आमच्या कोल्हापूरकडच्या मामी कवदी म्हणायच्या, करणी तीच. ऊब नुसती कापडाची नसते, थरांच्या मधे कोंडून राहिलेल्या हवेची असते. आणि टाके असतात ते आतले थर एका कोपऱ्यात गोळा होऊ नयेत म्हणून. हेच मशीनवर करायचं ठरवलं. आतला प्रत्येक धागा दोन पदरांच्या मधे बंद, बाहेर एकही लोंबता दोरा नाही. दुपटं या शब्दातच 'दु' आहे की.

माझं मशीन जपानी. १९८७ साली आखातातून परत आलेल्या एका शेजाऱ्यांकडून ते साडेचार हजारांना घेतलं, हप्त्यांनी. नाशिकला थंडी पडते, शाळांचे स्वेटर लागतात. मरून रंगाचे व्ही गळ्याचे स्वेटर विणून मी ते हप्ते फेडले. पंचवटीत एक बाई मशीनचे क्लास घ्यायच्या, तिथे मी तीन महिने शिकले. कॅरेजला त्या 'गाडी' म्हणायच्या. अजून माझ्या तोंडी तेच आहे.

लोकांना एक गोष्ट मात्र पटवून देता येत नाही. "मशीनवर केलंय होय? मग काय, बटण दाबलं की झालं!" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर देत नाही. माझ्या मशीनला बटण दाबून चालू व्हायला वीजच लागत नाही. गाडी हाताने ढकलायची, उजवीकडून डावीकडे एक ओळ, डावीकडून उजवीकडे दुसरी. खर्रर्र, आणि शेवटी ओळी मोजणाऱ्या काट्याचा टक्. हातविणीतला प्रत्येक टाक्याचा वेळ वाचतो, एवढंच. टाका घट्ट की सैल, कधी जोडायचं, कुठे थांबायचं हे सगळं आपल्याच डोक्यात.

एक सुई बाहेर काढून बघितली तर या यंत्राची सगळी अक्कल तळहातावर मावते. बोटभर लांबीची पोलादी सुई, टोकाला आकडा, आणि आकड्याच्या मागे एक इवलीशी झडप. लॅच म्हणतात तिला. आकड्यात जुना टाका बसलेला असतो. गाडीच्या पोटातल्या खाचा सुईला पुढे ढकलतात. तशी झडप उघडते आणि टाका तिच्या मागे सरकतो. गाडी आकड्यात नवा धागा टाकते आणि सुईला मागे ओढते. मागे येताना तोच जुना टाका झडप बंद करतो, तिच्यावरून घसरून पुढे पडतो, आणि नवा धागा त्याच्यातून ओढला जातो. झाला टाका. सुई जितकी मागे जाईल तितका टाका मोठा. ते ठरवायला गाडीवर आकड्यांची चकती असते. एका बेडवर अशा २०० सुया, दोन सुयांत साडेचार मिलिमीटरचं अंतर. एक ओळ म्हणजे दोन सेकंदांत २०० झडपा उघडून मिटतात. मला अजूनही ते बघत बसावंसं वाटतं.

ही झडप तशी उशिरा आली. विणायचं पहिलं यंत्र केलं इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टनच्या विल्यम लीने, १५८९ साली, पायमोजे विणण्यासाठी. राणी पहिल्या एलिझाबेथने त्याला पेटंट दिलं नाही, हाताने विणणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल म्हणून, असं सांगतात. ली पुढे फ्रान्सला गेला आणि तिथेच वारला. राणीची भीती अगदीच खोटी होती असं नाही: १८११ साली त्याच नॉटिंगहॅमच्या परिसरात कामगारांनी मजुरीच्या भांडणात हे मोज्यांचे माग फोडले होते. मला मात्र लीपेक्षा जेडेडाया स्ट्रट जवळचा वाटतो. त्याने डर्बीमध्ये १७५९च्या सुमारास लीच्या यंत्राला सुयांची दुसरी रांग जोडली आणि उलट-सुलट विणीचे, ताणले जाणारे मोजे काढले. माझा डबल बेड त्याच वंशातला. झडपेची सुई त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी, १८४०च्या दशकात, लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडने आणली. मग यंत्र कारखान्यातून निघून बाईच्या जेवणाच्या टेबलावर येऊ शकलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कंपन्यांनी ते घरोघरी नेलं.

तर, डबल बेड जोडलेलं मशीन. पहिल्या दहा ओळींतच ते रुसलं. टाके पटापट सुटायला लागले, कुठल्याही सुईचे, काही ताळतंत्रच नाही. यांनी तेल घातलं. मी सुया बदलल्या. शेवटी आठवलं: बेडच्या एका टोकाकडून एक लांब लोखंडी पट्टी आत सरकवलेली असते, तिच्या पोटाला स्पंज असतो, आणि तो स्पंज सगळ्या सुयांना वरून दाबून धरतो. तो दाबला जाऊन कागदासारखा झाला की सुया डोकं वर काढतात आणि टाका धरत नाहीत. पट्टी ओढून काढली. स्पंजाचा काळा चिकट चुरा झाला होता. दोन तास तो खरवडण्यात गेले. हार्डवेअरच्या दुकानातून खिडकीच्या फटीला लावायची स्पंजपट्टी आणली, कापून चिकटवली, आणि म्हातारं मशीन परत विशीत आलं.

लोकर घ्यायला नाशिकच्या रविवार कारंजाला गेले. तान्ह्या बाळाला खरी लोकर टोचते, आणि इथल्या हवेत तिला कसर लागते ती वेगळीच. सूत चांगलं, पण सुताच्या धाग्याला ताण नसतो. मशीनवर ते सुयांना जड जातं. म्हणून मी मऊ अॅक्रिलिक घेतलं, तीन पदरी. अॅक्रिलिकला नाकं मुरडणाऱ्या बायका आहेत, त्यांनी रोज दुधाच्या ओकाऱ्या हाताने धुऊन बघाव्यात. वरच्या पदराला फिका पोपटी रंग, खालच्याला पांढरा. मिळून ३०० ग्रॅम पुरलं. नक्षी नाही.

रुंदी १८० सुयांची. विणून खाली उतरल्यावर ते ६२ सेंटिमीटर भरलं. सुयांच्या अंतरापेक्षा कापड नेहमी आक्रसतंच. दोन्ही बेड समोरासमोर उभे केले की मधे बोटभरही फट नसते. दोन्हीकडच्या सुयांमधून नागमोडी धागा फिरवून सुरुवात करायची, फटीतून खालून कंगवा अडकवायचा, कंगव्याला वजनं टांगायची. वजनं नसली तर टाके वर उडी मारतात.

आता खरी युक्ती. मागच्या बेडला 'स्लिप'वर ठेवलं, म्हणजे त्याच्या सुया जागच्या जागी राहतात, आणि पुढच्या बेडवर पोपटी धाग्याने दोन ओळी काढल्या. मग धागा बदलायचा, गाडीवरच्या कळा उलट्या करायच्या, पुढचा बेड 'स्लिप'वर, आणि मागच्यावर पांढऱ्याच्या दोन ओळी. असं करत दोन्ही पदरांच्या वीस-वीस ओळी झाल्या की एकमेकांशी संबंध नसलेली दोन कापडं समोरासमोर लोंबतात, मधे पाच सेंटिमीटरचा खिसा. मग दोन्ही बेड चालू करायचे आणि पोपटीच्याच दोन ओळी दोन्हीकडच्या सगळ्या सुयांवरून घ्यायच्या. या ओळींत धागा एकदा पुढे, एकदा मागे असा जातो आणि दोन्ही पदर शिवल्यासारखे एक होतात. या जोडओळीला चकती खाली आणावी लागते. मी पदर ६ वर विणले आणि जोड ३ वर. नाहीतर जोड ढगळ होतो आणि दुपट्याला पोट सुटतं. पांढऱ्या बाजूला या जोडाची बारीक पोपटी रेघ उमटते, अगदी गोधडीच्या धावदोऱ्यासारखी. पहिली रेघ उमटली तेव्हा मी लेकीला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, "छान आहे गं." बाळाला मांडीवर थोपटत होती, तिला काय त्याचं.

दर दोन ओळींनी कळा बदलायचा कंटाळा येतो. तिसऱ्या खिशाला मी शहाणपणा केला: पोपटीच्या वीस ओळी एकदम काढून टाकू, मग पांढऱ्याच्या वीस. वजनं खाली टांगलेली असतात, आणि जो पदर आखूड राहिला आहे तोच ती पेलतो. लांब झालेला पोपटी पदर फुगून वर आला, त्याला ओढ अशी उरलीच नाही. पंधराव्या ओळीला चाळीसेक टाके सुयांवरून उठले. सगळं उसवून परत.

दुसरी फजिती त्याहून वाईट. दोन बेड असले की मागच्या बाजूला सुटलेला टाका दिसत नाही. कापड खाली फटीतून उतरतं आणि तुम्ही आपले वर गाडी ढकलत असता. सहाव्या खिशात पांढऱ्या बाजूचा एक टाका सुटला होता तो मला आठव्या खिशाला, टॉर्च घेऊन खाली वाकल्यावर दिसला. तोवर त्याची शिडी होऊन चांगली लांब उतरली होती. झडपेच्याच सुईला मूठ बसवून एक हत्यार करतात, त्याने शिडीची एकेक पायरी वर चढवत आणली. दीड तास. जोडओळीपाशी दोन पदरांतले धागे ओळखता येईनात तेव्हा यांनी भिंग आणून धरलं. त्या दिवसापासून दर जोडओळीला मी टॉर्च मारून खाली बघते. तुम्हीही बघा.

असे सोळा खिसे झाले. ६७२ वेळा गाडी ढकलली, काटा खोटं बोलत नाही. उसवलेलं त्यात धरलेलं नाही. लांबी ८० सेंटिमीटर.

दोन रंग वेगवेगळ्या धाग्यांनी विणल्यामुळे प्रत्येक खिशाच्या दोन्ही बाजू उघड्या राहतात. पहिल्यांदा मला ती खोट वाटली होती. मग तिचाच उपयोग केला. आत भरायला तयार पॉलिस्टरची गादी मिळते, हलकी, लवकर वाळणारी. माझ्या ट्रंकेत आईचं एक सुती लुगडं होतं. इतक्या धुण्यांतून गेलेलं की हातात घेतलं तर साय धरल्यासारखं वाटावं. त्याचे काठ कडक म्हणून कापून ठेवले. मधल्या भागाच्या पंधरा सेंटिमीटर रुंद पट्ट्या काढल्या, सोळा, तिहेरी घडी घातली, आणि नाडी ओवायच्या सुईने एकेका खिशातून ओढून घेतली. सगळं मिळून दोन मीटरच लुगडं लागलं.

पहिली पट्टी मी अगदी ताठ ओढली आणि दोन्हीकडे टाके घातले. बघते तर खिसा चुण्या पडून मधे आवळलेला. विणलेलं कापड ताणलं जातं, लुगड्याचं कापड नाही. दोघांना एकत्र बांधायचं तर न ताणणाऱ्याला जरा सैल सोडावं लागतं. पट्टी दोन बोटं जास्त लांब ठेवली, टोकं आत दुमडली, तेव्हा कुठे ते दुपटं सपाट पडलं. मग दर दहा सेंटिमीटरवर वरून खाली असे पाच उभे धावदोरे मी हाताने घातले, सगळ्या थरांतून, तेही सैलसर. हे मशीनला जमत नाही. शेवटी चारी बाजूंनी क्रोशाने कडा बंद केल्या. झालर नाही, गोंडे नाहीत, मणी तर नाहीच नाही. बाळाच्या तोंडात जाईल असं काहीही नाही.

वजन केलं तर पाव किलोच्या दोन पुड्यांपेक्षा थोडं कमी भरलं. मशीनचं काम सहा तासांचं, बाकीचं आठ दिवसांचं.

आणि मग आमच्या डॉक्टरीणबाई. लसीकरणाला गेलो तेव्हा मी दुपटं मुद्दाम नेलं होतं, खोटं कशाला बोलू. त्यांनी हात फिरवून बघितलं, उलटं करून बघितलं, कौतुक केलं आणि म्हणाल्या, "आजी, सुंदर आहे. पण वर्षाच्या आत झोपेत हे अंगावर घालायचं नाही. सुटं पांघरूण तोंडावर आलं तर बाळाला ते बाजूला सारता येत नाही. झोपताना अंगात नीट बसणारे कपडे, बास." मी जरा हिरमुसले. आमच्या वेळी तान्ह्या बाळांना गोधडीत गच्च गुंडाळूनच ठेवायचे. पण पिवळ्या धाग्याची करंगळी डोळ्यांसमोर होती, त्यामुळे वाद घातला नाही.

म्हणून ते दुपटं आता जमिनीवर असतं. जागं असताना बाळाला त्याच्यावर पालथं घालतात. दोन पदर आणि मधे लुगडं, त्यामुळे फरशीचा गारवा वर येत नाही. एकपदरी विणीच्या कडा जशा गुंडाळतात तशा याच्या गुंडाळत नाहीत, सरकत नाही, आणि नात जोडओळींच्या चरांतून बोट फिरवत बसते. पांढरी बाजू वर ठेवायची असा तिच्या आईचा हट्ट. पोपटी बाजू मी इतकी बघून बघून विणली, ती फरशीला. धुतल्यावर दोरीवर टांगायचं नाही, ओल्या विणीला स्वतःचंच वजन होऊन ती लोंबते. पलंगावर टॉवेल पसरून त्यावर वाळवायचं. श्रावणात दोन दिवस लागतात.

दुपटं बघून आतापर्यंत चौघींनी विचारलं, असं मशीन कुठे मिळेल. आपल्याकडे कितीतरी घरांत ते माळ्यावर पडलेलं आहे. घेतलं तेव्हा हौस होती, मग मुलं, नोकरी, आणि बाजारात दोनशे रुपयांना स्वेटर. विकणारे सांगतात, "चालत नाही हो, टाके सोडतं." घ्यायला जाल तेव्हा बेडच्या टोकाची ती लोखंडी पट्टी ओढून बाहेर काढा आणि स्पंज बोटाने दाबून बघा. दाबल्यावर तो परत वर आला नाही तर किंमत पाडून घ्या, पण मशीन सोडून येऊ नका.